हिंगणघाटवरून आणलेला लोखंडी कूलर : २०२० च्या कोरोना लॉकडाऊनचा पूर्ण उन्हाळा वापरून झाल्यावर

मार्चच्या १७ तारखेला हा कूलर घरी आणला, आता जून संपत आला. परवाच गवताच्या ताट्या काढून टाकी पुसून कोरडी केली म्हणून आता निवांत लिहून राहिली. चार दिवस वापरून कूलरबद्दल लिहिण्यात काही अर्थ नाही, आमच्या वर्धा जिल्ह्यात तरी नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, निघाल्याशिवाय कूलरची खरी परीक्षा होत नाही. आणि यावर्षी तर घरातली सहाही माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत घरातच होती, मग दीर आले तर सात झाली, त्यामुळे हा कूलर या तीन महिन्यांत जेवढा चालला तेवढा एरवी तीन उन्हाळ्यांत चालला नसता.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. कंपनीचा नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवलेला, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, तीन बाजूंनी गवत, समोर १८ इंची पंखा, खाली टाकी. टाकीत आमच्या घरच्या १५ लिटरच्या चार बकेटी पाणी बसते म्हणजे ६० लिटर. अँगलचं स्टँड वेगळं, त्याला चाकं. सगळं मिळून ६२०० ला पडला. त्याच रस्त्यावर एका शोरूममध्ये प्लास्टिकचा कंपनीचा कूलर १०५०० ला होता, दिसायला सुंदर, रिमोटवाला, आवाज एकदम कमी, आमच्या मुलाला तोच पाहिजे होता आणि खरं सांगते मलाही तोच आवडला होता. ह्यांनी घरी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन लावला. मामाजी म्हणाले, "लोखंडाचाच आणा. बिघडला त गावात कोणीबी ठोकून देते. प्लास्टिकचा तडकला त कोठी घेऊन जासान?" तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की आठ दिवसांनी खरंच कुठी घेऊन जाता येणार नाही.

मार्चमध्येच काहून घेतला तर एप्रिलमध्ये भाव चढतात आणि गवत भेटत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. शिवाय मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर २३ तारखेला होता, भूगोलाचा, तो झाला की आईकडे जायचं असं ठरलं होतं म्हणून खरेदी आधीच उरकून टाकली.

मग तो पेपर पुढे ढकलला. २२ ला जनता कर्फ्यू, २४ ला रात्री आठ वाजता २१ दिवसांची घोषणा, न दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. बाजार नव्हता म्हणून होळीच्या उरलेल्या गाठ्या गुढीला बांधल्या. भूगोलाचं पुस्तक पोरगी १२ एप्रिलपर्यंत रोज उघडून बसायची, त्या दिवशी पेपर रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा तिनं ते कपाटात ठेवलं न दिवसभर कोणाशी बोलली नाही.

आता कूलर कुठं लावायचा हा प्रश्न. आमच्याकडे घरोघरी कूलर बैठकीत राहतो. पाहुणे तिथं, टीव्ही तिथं, माणसांची दुपारची झोप तिथं. पण यावर्षी आमच्या बैठकीत कापूस होता. २२ क्विंटल, जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत. भाव वाढेल म्हणून मार्चपर्यंत थांबलो न मग खरेदीच बंद पडली. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात कापूस राहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते समजेल, त्यात बारीक किडे होतात, अंगाला अशी खाज सुटते की पोरं रात्री रडतात. मुलाच्या मानेवर न पोटावर लाल चट्टे आले होते. एरवी पोरं शाळेत जातात, माणसं वावरात जातात, दिवसा घर रिकामं राहते. यावर्षी सगळे घरात आणि कापूसही घरात.

त्या खोलीत कूलर लावणं शक्यच नव्हतं. कापसाला ओलावा लागला की संपलं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर मशीन लावून पाहतात, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात न १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. म्हणून कूलर मधल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून लावला, मागच्या अंगणात, निंबाच्या सावलीत. खिडकीची चौकट न कूलर यांच्यामध्ये जी फट राहिली तिथं पुठ्ठे न पोतं कोंबलं. बैठकीचं दार बंद, त्याच्या खालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवली की ओली हवा कापसाकडे जाऊ नये.

पण कूलरची हवा आत येते तशी बाहेर निघायला जागा लागते, नाही तर खोली नुसती दमट होऊन चिकचिक सुरू होते. बैठकीचं दार बंद म्हटल्यावर एकच रस्ता उरला, स्वयंपाकघर. ते दार उघडं ठेवलं, स्वयंपाकघराचं मागचं दारही उघडं ठेवलं. मग काय झालं, मधल्या खोलीतली सगळी थंडी हवा स्वयंपाकघरातून वाहायला लागली.

माझ्या लग्नाला १७ वर्षं झाली. एप्रिल-मे मध्ये दुपारी अकरा वाजता तव्यासमोर बसून भाकरी टाकणं म्हणजे काय ते ज्यांनी टाकल्या त्यांनाच माहीत, घाम डोळ्यात जातो, पदरानं पुसता पुसता पदर ओला होऊन जाते. बैठकीतल्या कूलरची हवा इतक्या वर्षांत स्वयंपाकघरापर्यंत कधी आली नाही, यायचं कारणच नव्हतं, दोन दारं मध्ये. यावर्षी पहिल्यांदा भाकरी टाकताना पाठीला थंडी हवा लागली. सासूबाई आल्या, उंबरठ्यावर बसल्या न त्यांनी कांदे तिथंच चिरायला घेतले, म्हणाल्या, "इतके वर्स कोणाच्या ध्यानातच आलं नाई बाप्पा." त्या ६८ वर्षांच्या आहेत. त्या दिवसापासून त्यांची दुपारची सातरी (अंथरूण) स्वयंपाकघरातच पडायला लागली. गॅसची ज्योत मात्र हलते, त्यासाठी शेगडीच्या एका बाजूला तेलाच्या डब्याचा पत्रा उभा करून ठेवला, तेवढ्यानं जमून गेलं.

थंडाव्याबद्दल. आमच्याकडे एक डिजिटल घड्याळ आहे, त्यात तापमान दिसते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मोबाईलवर बाहेरचं ४५-४६ दाखवायचा तेव्हा कापसाच्या खोलीत घड्याळ ठेवलं तर ३९-४०, न मधल्या खोलीत ३०-३१. मी हे दोन-तीनदा केलं. हवा जितकी कोरडी तितका कूलर चांगला चालतो, ओल्या गवतातून जाताना पाणी सुकते न तीच हवा थंडी होऊन आत येते, त्यामुळे आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी ही वस्तू एकदम बरोबर आहे. मिरगाचं पाणी पडलं की काही उपयोगाचा नाही, नुसता चिकटपणा. १२-१३ जूनपासून आम्ही पंप बंद करून नुसता पंखा लावत होतो.

आता दोष सांगते, आणि पहिला दोष असा आहे की तो सगळ्यांनी लक्ष देऊन वाचावा.

दुकानदारानं याला दोन पिनांचा प्लग लावून दिला. कूलर पूर्ण लोखंडी, खाली ६० लिटर पाणी, आणि अर्थिंगच नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी बकेटीनं पाणी टाकत होती, पायात चप्पल नव्हती, खालची जमीन ओली, एक हात पत्र्याला लागला न कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. जोराचा झटका नव्हता म्हणून वाचली. बकेट हातातून सुटली. गावात वायरिंगची कामं करणारा एक पोरगा आहे, त्याला बोलावलं, तो तोंडाला दुपट्टा बांधून आला, आम्हाला सगळ्यांना दूर उभं केलं न पत्र्याला टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा लागला. चालू कूलरच्या अंगात करंट होता. पंख्याच्या मोटरची एक वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली होती. तिथं रबरी नळीचा तुकडा घालून पक्की केली, तीन पिनांचा प्लग लावला, आणि घराला अर्थिंगच नव्हतं ते ह्यांनी दुसऱ्या दिवशी केलं, मागच्या अंगणात खोल खड्डा खोदून लोखंडी पाइप, भोवती कोळसा न मीठ, वरून पाणी. कोळसा चुलीचा होता, मीठ किराण्यातून, पाइप जुना बोअरचा पडलेला. घरात बसल्या बसल्या झालं, एरवी हे काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं गेलं असतं.

दरवर्षी आपल्या भागात कूलरच्या करंटनं माणसं जातात, त्यात पाणी भरणाऱ्या बाया न खेळता खेळता हात लावणारी लेकरं जास्त. पेपरात दोन ओळींची बातमी येते. म्हणून सांगते, दुकानातून निघायच्या आधी प्लग पाहा, तीन पिनांचाच मागा, न घरात अर्थिंग आहे का ते टेस्ट करून घ्या. पाणी टाकताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढून बाजूला ठेवा. आमच्याकडे आता नियम आहे, पिन काढून खिडकीत दिसेल अशी ठेवायची, मगच बकेट उचलायची. बारक्या मुलालासुद्धा तो नियम पाठ आहे.

दुसरा दोष, आवाज. खूप आहे. तीन नंबरवर चालवला तर पत्रा थरथरते, टीव्ही ऐकू येत नाही, दूरदर्शनवर सकाळी नऊ न रात्री नऊला जुन्या मालिका लागत होत्या तेव्हा मामाजींसाठी तेवढा वेळ कूलर एकवर करावा लागत होता. पंख्याच्या जाळीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, त्यानं थोडा कमी झाला. पत्र्याच्या आतल्या कडा धारदार आहेत, ताटी काढताना माझं बोट कापलं. तळाच्या पाण्याला निघायला जे बूच दिलं ते तळापासून दोन बोटं वर आहे, त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी करायला कूलर तिरपा करावा लागते न ते एकट्या बाईचं काम नाही. आणि टाकी पूर्ण रिकामी करणं तर आवश्यक आहे, आशाताई सर्वेला यायच्या, ताप-खोकला विचारायच्या, त्याच वेळी सांगायच्या की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, डेंगूचा मच्छर साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालते न आठ-दहा दिवसांत त्याचे मच्छर होतात. आम्ही सोमवार धरला होता. टाकी घासून, उन्हात सुकवून, मग पाणी.

पाण्याचा विषय मोठा आहे. दुकानदारानं सांगितलं होतं दिवसाला एक टाकी. मे मध्ये दीड ते दोन टाक्या लागायच्या, म्हणजे सहा ते आठ बकेटी. आमच्या गावात नळ एक दिवसाआड, तो पुरत नाही, बाकी हातपंपावरून. हातपंप घरापासून दीडशे पावलं. एरवी कूलरचं पाणी म्हणजे बाईचं काम, माणसं संध्याकाळी येतात, थंड्या खोलीत बसतात, पाणी कोणी आणलं हा प्रश्न निघत नाही. लॉकडाऊनमध्ये हे न मुलगा घरातच होते, मी दिवसभर किती खेपा करते हे पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यासमोर झालं. मी काही बोलली नाही. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी उठली तर टाकी भरलेली होती, ह्यांनी पाच वाजताच, हातपंपावर गर्दी व्हायच्या आधी, चार बकेटी आणून टाकल्या होत्या. त्यानंतर सकाळची टाकी त्यांची, दुपारची मुलाची. कूलर घेताना घरातल्या माणसांनी आधी हे ठरवून घ्यावं की पाणी कोण भरणार, लिटर न वॅट नंतर पाहावे.

हातपंपाचं पाणी जड आहे, क्षाराचं. त्याचा परिणाम २० एप्रिलच्या आसपास दिसला. पंपातून पाणी वर चढणं बंद, ताट्या कोरड्या, पंखा नुसती गरम हवा फेकून राहिला. तालुक्याला जायचं तर नाक्यावर पोलीस, दुकानं बंद. २१ तारखेला बातमी आली की केंद्रानं पंख्यांच्या दुकानांना परवानगी दिली, पण आमच्या बाजारात काही उघडलं नव्हतं, ह्यांनी दोन-तीन ठिकाणी फोन लावून पाहिले.

पंप मुलीनं दुरुस्त केला. मुठीएवढा पंप असतो तो, काळ्या प्लास्टिकचा. तिनं तो टाकीतून काढला, पिन काढलेली आहे ना हे मला दोनदा विचारलं, मागची जाळी चमच्याच्या टोकानं उचकटली. आत एक बारका पांढरा पंखा, त्याच्या मागं पेन्सिलीसारखा गोल लोहचुंबक, आणि त्या चुंबकावर पांढऱ्या क्षाराचा न लोखंडाच्या जंगाचा असा थर चढला होता की तो फिरूच शकत नव्हता. वाटीत दोन निंबू पिळले, त्यात तो तासभर बुडवून ठेवला, बारीक बुडबुडे येत होते. मग जुन्या टूथब्रशनं घासला, सुईनं भोकं मोकळी केली, परत बसवला. बकेटीत ठेवून चालू केला तर पाण्याची धार थेट तिच्या तोंडावर आली. भूगोलाचा पेपर रद्द झाल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. त्यानंतर दर सोमवारी कोरड्या दिवशी निंबू-पाण्यात पंप धुवायचं काम तिचं, परत एकदाही बंद पडला नाही.

गवताबद्दल थोडं. वर्षाला बदलावं लागते, एका ताटीचं यावर्षी ७०-८० रुपये. महिन्याभरात ते खाली बसते न वरच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी होते, तिथून गरम हवा सरळ आत येते. नवीन गवत नव्हतं तर आम्ही तिथं बारदाना दुहेरी करून शिवला. थंडावा चांगला देते, पण आठ दिवसांत कुबट वास मारते, म्हणून दोन जोड ठेवले, एक लावायचा एक उन्हात घालायचा. मधमाशीच्या पोळ्यासारखे जे पुठ्ठ्याचे पॅड कंपनीच्या कूलरला येतात ते टिकायला चांगले आहेत, मला मान्य आहे, पण त्याला घरातलं काहीच लावता येत नाही. आमच्या बाजूच्या घरी तसाच कूलर आहे, त्यांचा पंप मेमध्ये गेला, तो खास मापाचा, कुठी भेटला नाही, पूर्ण मे महिना त्यांनी अंगणात काढला. मामाजींचं म्हणणं मला तेव्हा पूर्ण पटलं.

मग मे मध्ये कूलर घरातून गेला.

दीर पुण्याला कंपनीत आहेत. दीड महिना एका खोलीत चार जण अडकून होते, मेस बंद. सरकारच्या १ मे च्या यादीत आपला वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये (कोरोनाचा धोका कमी) होता न पुणे रेड (धोका जास्त), त्यामुळे गावात बाहेरून येणाऱ्यांबद्दल फार भीती होती. पास काढून भाऊजी १४ मे ला आले, गावाबाहेरच थांबले, ग्रामपंचायतीनं जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस ठेवलं. तिथं आधीच तीन जण होते, दोघं सुरतेवरून आलेले. शाळेच्या खोलीवर टिनं. टिनाच्या खाली मे महिन्यात दुपारी काय होते ते वेगळं सांगायची गरज नाही, पंखा होता तो गरम हवाच फिरवत होता. सासूबाई डबा घेऊन फाटकापर्यंत गेल्या न परत आल्यावर जेवल्याच नाहीत. म्हणाल्या, "थो तिथी भाजून राह्यला न मी इथी थंड्यात बसू का?"

संध्याकाळी ह्यांनी कूलर स्टँडसकट ढकलत शाळेत नेला. मातीच्या रस्त्यावर चाकं रुतली, पण तीन-चारशे पावलं गेला, दोघांना जमते. तिथं वाद झाला. काही जण म्हणाले कूलरच्या हवेनं रोग गावभर पसरेल. पोरीनं मोबाईलवर शोधून दाखवलं, एसी-कूलरच्या इंजिनिअर लोकांची इश्रे म्हणून संस्था आहे, त्यांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की कूलर बाहेरची हवा ओढेल असा लावा, खिडक्या-दारं उघडी ठेवा, टाकी साफ ठेवा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं, खोलीच्या आत ठेवून तीच तीच हवा फिरवू नका, खिडकीच्या बाहेर ठेवा. तसाच ठेवला, समोरचं दार शेताकडे उघडणारं होतं ते उघडं. बाहेर असल्यामुळे आत न जाता पाणी भरता येत होतं, हे रोज दोन वेळा जाऊन भरून यायचे, आतून भाऊजी मोठ्यानं बोलायचे, बाहेरून हे.

ते १४ दिवस घरी आम्ही कूलरशिवाय काढले. खिडकीत वाळ्याची जुनी ताटी होती ती भिजवून टांगली, दुपारी जमिनीवर पाणी शिंपडून ओल्या चादरी घेऊन पडायचो, रात्री अंगणात बाजा. २५ तारखेला नवतपा लागला ते दिवस फार जड गेले, मुलाला घामोळ्या आल्या, मामाजींना दोनदा चक्कर आली, पन्हं न ताक चालूच होतं. पण कूलर परत आणू असं घरात एकही जण म्हणाला नाही. २८ ला भाऊजी घरी आले, ठणठणीत. त्यांच्या मागे कूलर. आम्ही तो साबणाच्या पाण्यानं धुतला, गवत जाळून टाकलं, दोन दिवस उन्हात ठेवला. तोपर्यंत तालुक्याला दुकानं उघडली होती, नवीन गवत भेटलं.

लाइटचं विचारणाऱ्यांसाठी. मोटरवर २०० वॅट लिहिलं आहे, पंप १८ वॅटचा. दिवसाला बारा तास धरले तर अडीच युनिटच्या वर, महिन्याला ७५-८०. रीडिंग बंद होतं न जूनमध्ये सगळं बिल एकदम आलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण पोरीनं महिन्याप्रमाणे भाग करून युनिट मोजले तर हिशोब बरोबर निघाला. जंग म्हणाल तर टाकीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं वेल्डिंग आहे तिथं आला आहे. घासून रेड ऑक्साइड मारला. पुढच्या वर्षी विकत घेणाऱ्यांनी घेतानाच टाकीला आतून दोन हात रंग मारून घ्यावा, दुकानदार कंजुषी करतात तिथं.

पाचापैकी द्यायचे तर चार तारे देईन. एक कापला तो प्लगचा, बाकी आवाज न बूच मी सोसून घेतलं असतं.

कापूस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. नोंदणी करून नंबर लागायला महिना लागला, मशीन लावली तेव्हा मी केंद्रावर नव्हती पण ह्यांचा फोन आला की ओलावा आठच्या आत निघाला, ५५५० चा पूर्ण भाव लागला. बैठक रिकामी झाली, आम्ही फिनाइलनं तीनदा धुतली, भिंती चुन्यानं रंगवल्या. मग विषय निघाला की पुढच्या उन्हाळ्यात कूलर बैठकीत लावू, तिथली खिडकी मोठी आहे. सासूबाईंनी पानावरून मान वर न करता सांगितलं की कूलर आहे तिथंच राहील. मामाजी काही बोलले नाहीत. मधल्या खोलीच्या खिडकीखाली सिमेंटचा कायमचा ओटा बांधून घ्यायचा ठरला आहे, उतार मागच्या नालीकडे, की सोमवारी टाकी तिरपी न करता पाणी निघून जावं. मिस्त्री बुधवारी माप घ्यायला येतो म्हणाला, रेतीची एक ट्रॉली सांगून ठेवली आहे.